रॅम बदलण्यापूर्वी पारख हवी

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर संगणक सुरू करावा, पंखा फिरावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, असे कधी कधी घडते. रॅम गेली असे समजून घाईने नवी पट्टी आणली जाते आणि ती खाचेत बसतच नाही. पैसे अडकतात, पेढीचे हिशेब खोळंबतात आणि धडधाकट संगणक अडगळीत जातो.

रॅम व मदरबोर्ड यांची पिढी जुळणे अनिवार्य आहे. ‘जेडेक’ या मानक-संस्थेने डीडीआर-३ चे मानक २००७ मध्ये, डीडीआर-४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर-५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. डेस्कटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २४० पिना असतात, नंतरच्या दोन्हींना २८८. मात्र त्या दोन्हींतही पट्टीची मधली चीर वेगळ्या जागी असते आणि विद्युतदाब अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट असतो. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती चीर ठेवलेली आहे. तेथे जोर करू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असल्याने ती डेस्कटॉपला लागत नाही. सर्व्हरमधील ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त मिळाली आणि खाचेत बसली, तरी घरगुती मदरबोर्डवर चालत नाही.

पिढी जुळल्यावर क्षमता पाहावी. प्रत्येक मदरबोर्डची कमाल मर्यादा ठरलेली असते. भिन्न वेगांच्या दोन पट्ट्या एकत्र चालल्याच, तर कमी वेगाने चालतात. संगणकावर ३२-बिट विंडोज असेल, तर ४ जीबीपुढील रॅम सहसा वाया जाते. म्हणून मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक टिपून उत्पादकाच्या यादीशी ताडून घ्यावा.

त्याआधी एक साधा उपाय करून पाहावा. खाऱ्या, दमट हवेने पिनांवर मळ धरतो. वीजजोड काढून, पट्टी कडेने धरून बाहेर काढावी, पिना मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत आणि दोन्ही कड्या लागेपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. दोष केवळ मळाचा असेल, तर संगणक पूर्ववत सुरू होतो आणि खरेदीची गरजच उरत नाही.

अपरिग्रह म्हणजे गरजेपुरतेच घेणे आणि असलेले जपून वापरणे. संगणकाच्या बाबतीतही घेण्यापूर्वीची ही पारख त्याच आचाराचा भाग आहे. निकामी पट्टी मात्र घरच्या केरात न टाकता ई-कचरा संकलनासाठीच द्यावी.