स्ट्रॅथस्पे : एका खोऱ्याचा ठेका, एका खोऱ्याची व्हिस्की

स्ट्रॅथस्पे हा स्कॉटलंडच्या कंट्री डान्समधील संथ लयीचा नृत्यप्रकार आहे. रील आणि जिग हे त्याचे जोडीदार प्रकार द्रुत लयीचे असतात. नृत्याचे हे नाव स्पे नदीच्या खोऱ्यावरून पडले. गेलिक भाषेत ‘स्राथ’ म्हणजे नदीची रुंद दरी. हायलँड्सच्या डोंगरांत उगम पावलेली स्पे दीडशे किलोमीटरांहून अधिक वाहत जाऊन उत्तरेला मोरे फर्थ या आखातात समुद्राला मिळते. स्कॉटलंडमधील माल्ट व्हिस्कीच्या जवळजवळ निम्म्या भट्ट्या याच नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या परिसरात आहेत.

या नृत्यात साधारणपणे चार जोड्या दोन समोरासमोरच्या रांगांत उभ्या राहतात. एका रांगेत पुरुष, दुसरीत स्त्रिया. संगीताचा ठेका चार मात्रांचा असतो. आखूड स्वरावर आघात येतो आणि लगेच लांब स्वर लागतो. या झटक्याला ‘स्कॉच स्नॅप’ म्हणतात आणि स्ट्रॅथस्पेची खरी ओळख तीच. नाचणाऱ्यांच्या पायांत मऊ चामड्याचे, नाडीने बांधलेले बूट असतात. पाऊल उडवण्यापेक्षा ते जमिनीलगत सरकवत नेण्यावर भर असतो. लय संथ असल्याने चूक लपत नाही, म्हणून शरीराचा तोल आणि पावलांचा नेमकेपणा येथे फार महत्त्वाचा. अनेक नृत्यांत पहिली जोडी दोनदा नाचून रांगेच्या शेवटी जाते. मग पुढच्या जोडीची पाळी येते. अशा रीतीने आघाडीचा मान प्रत्येक जोडीला मिळतो.

स्ट्रॅथस्पेचे संगीत अठराव्या शतकात बहरले ते फिडलवर, म्हणजेच व्हायोलिनवर. विल्यम मार्शल (1748–1833) हा या प्रकाराचा श्रेष्ठ रचनाकार. त्याचा जन्म स्पेच्या मुखाजवळील फॉकाबर्स गावचा. तो ड्यूक ऑफ गॉर्डनच्या घराण्यात चाकरीला होता आणि चढत चढत कारभारी झाला. कवी रॉबर्ट बर्न्सनेही त्याच्या रचनांची थोरवी मान्य केली होती. बर्न्स स्वतः 1789 पासून अबकारी खात्यात नोकरी करत असे.

अबकारी कर हा त्या काळी हायलँड्समधील कळीचा प्रश्न होता. तेथील शेतकरी आपल्या जवापासून व्हिस्की गाळत आणि तीतून खंडाचे पैसे उभे करत. कर वाढले तशा डोंगरांतल्या चोरट्या हातभट्ट्याही वाढल्या. स्पेच्या खोऱ्यातील ग्लेनलिव्हेट ही आडबाजूची दरी त्यासाठी विशेष प्रसिद्ध होती. 1799 मध्ये पीक बुडाल्यामुळे व्हिस्की गाळण्यावर बंदी आली, तेव्हा नील गाऊ या नामांकित फिडलवादकाने व्हिस्कीला निरोप देणारी धून रचली. व्हिस्की परतल्याच्या आनंदाची धूनही त्याच्याच नावावर आहे.

चोरट्या धंद्याला वळण दिले ते 1823 च्या कायद्याने. दहा पौंड वार्षिक शुल्क आणि आवाक्यातला कर भरून कोणालाही उघडपणे भट्टी चालवता येऊ लागली. या सुधारणेचा पाठपुरावा करणाऱ्यांत मार्शलचा आश्रयदाता असलेला गॉर्डनचा चौथा ड्यूकही होता. पुढच्याच वर्षी त्याचे कूळ असलेल्या जॉर्ज स्मिथने ग्लेनलिव्हेटमध्ये परवाना काढला. शेजारच्या चोरट्या गाळणाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांच्या धमक्यांमुळे स्मिथ जवळ पिस्तुले बाळगत असे. 1863 मध्ये स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली आणि या खोऱ्यातील व्हिस्कीची पिंपे दूरच्या बाजारात पोहोचू लागली.

व्हिस्की बनवण्याची मूळ रीत आजही तीच आहे. जव भिजवून त्याला मोड आणतात, भट्टीत वाळवतात आणि भरडतात. गरम पाण्यात त्यातील साखर उतरते. त्या गोड पाण्यात यीस्ट घालून ते आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदा गाळतात. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी हे मद्य स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावे लागते. ‘व्हिस्की’ हा शब्द ‘उश्क बेहा’, म्हणजे ‘जीवनजल’, या गेलिक नावावरून आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कंट्री डान्स मागे पडू लागला, तेव्हा जीन मिलिगन आणि इझोबेल स्ट्युअर्ट यांनी 1923 मध्ये ग्लासगो येथे तो जपणारी संस्था उभारली. रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी या नावाने तिच्या शाखा आज जगभर आहेत. नृत्याला नाव मिळाले ते दरीवरून, व्हिस्कीवरून नव्हे. पण फिडलची धून आणि जवाचे मद्य हे दोन्ही त्याच मातीत रुजले आणि एकाच जमीनदार घराण्याच्या आश्रयाने वाढले. म्हणूनच स्ट्रॅथस्पे या एका शब्दात स्पेच्या खोऱ्याची कला आणि तेथला कष्टाचा धंदा दोन्ही सामावले आहेत.