दोन दुकानांमधली निवड

ऑस्ट्रेलियात किराणा महागला की ‘दुसऱ्या दुकानात जा’ असा सल्ला मिळतो. पण तिथल्या स्पर्धा आयोगाच्या 2025च्या अहवालानुसार सुपरमार्केटमधल्या किराणा विक्रीचा सुमारे 67 टक्के वाटा वूलवर्थ्स आणि कोल्स या दोनच साखळ्यांकडे आहे. याला अल्पाधिकार (मोजक्या विक्रेत्यांच्या हाती असलेली बाजारपेठ) म्हणतात. त्याचा अर्थ अनेकदा संगनमत असा घेतला जातो. पण भाव सारखे व्हायला संगनमताची गरजच नसते. एसटी स्टँडवर चहाच्या दोनच टपऱ्या समोरासमोर असल्या, की एकीने दोन रुपये वाढवल्याचं दुसरीला लगेच दिसतं आणि एक शब्दही न बोलता भाव सारखे होतात. खर्च वाढल्यानेही किमती चढतात, हे मान्य. पण खर्च उतरल्यावर त्या खाली आणायला भाग पाडणारा तिसरा विक्रेता जवळ असावा लागतो. ऑल्डी ही स्वस्त साखळी तो दाब आणते खरी, मात्र टास्मानिया या राज्यात तिचं एकही दुकान नाही.