सूर्य डोक्यावर, कॅमेरा हातात

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी एक गोष्ट घरबसल्या बघायला मिळते, जी दिल्लीकराला दिल्लीत राहून जन्मभर दिसत नाही. जूनच्या साधारण १२ तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला, उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. क्रिकेटचा स्टंप, दुधाची बाटली, गच्चीवरचा अँटेनाचा खांब, काहीही घ्या. साडेअकराला सावली असते, बाराला ती बोटभर उरते आणि मग वस्तूच्या बुडाखाली शिरते. त्या क्षणी वरून फोटो काढला तर बघणाऱ्याला वाटतं की ती वस्तू फरशीवर ठेवलेली नसून नंतर चिकटवलेली आहे.

शून्य सावलीचे दिवस मुंबई-पुण्यालाही येतात. मुंबईत पहिला मेच्या मध्यात आणि दुसरा जुलैच्या अखेरीस, मध्ये दोन महिन्यांहून अधिक अंतर. जबलपूरची गोष्ट वेगळी आहे, कारण कर्कवृत्त शहराच्या उत्तरेला जेमतेम तीसेक किलोमीटरवरून, सिहोराच्या वाटेवर जातं. उत्तरेकडे सरकणारा सूर्य राइट टाउन ओलांडतो, थोडा पुढे जातो आणि वळून जूनच्या अखेरीला पुन्हा डोक्यावर येतो. मधल्या दोन-अडीच आठवड्यांत तो भर दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पण किती? २१ जूनला एक मीटर उंच काठीची सावली अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे डोळ्यांना ती जवळजवळ दिसतच नाही. दुसरा दिवस बहुतेक वर्षी ढगांत जातो, कारण तोवर मोसमी पाऊस पोचलेला असतो. पहिलाच दिवस धरून ठेवावा.

आणि डिसेंबरात? २२ डिसेंबरच्या दुपारी तीच काठी एक मीटरहून थोडी लांब सावली टाकते. तुमची सावली भर दुपारी तुमच्या उंचीएवढी. जूनमध्ये शून्य, डिसेंबरमध्ये पुरुषभर. इथल्या स्टेडियमच्या कठड्याजवळचा एकच कोपरा महिन्यातून एकदा, दुपारी त्याच वेळी, त्याच जागेवर उभं राहून टिपला, तर वर्षअखेरीस बारा चित्रांत पृथ्वीचं कलणं उमटलेलं दिसतं. ते शिकायला भूगोलाचं पुस्तक लागतं, बघायला फक्त राइट टाउन आणि एक साधा फोन पुरतो.

छंद म्हणून फोटो काढायला लागलेला माणूस बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतो: कॅमेरा कोणता घेऊ आणि कुठे जाऊ? माझं मत स्पष्ट आहे. पहिली काही वर्षं कुठेही जाऊ नये. आपल्या गल्लीएवढी नीट माहीत असलेली जागा जगात दुसरी नसते. कोणत्या भिंतीवर सकाळी सातला ऊन येतं, कोणत्या दवाखान्याच्या काचेवरून परतून ते समोरच्या जिन्यात शिरतं, कोणत्या खिडकीत ते फक्त थंडीतच उतरतं, हे पाहुण्या छायाचित्रकाराला महिनाभर राहूनही कळणार नाही. राइट टाउनमध्ये तर जुने बैठे बंगले आणि त्यांच्या शेजारी उठलेली अपार्टमेंटं एकमेकांवर सावल्या टाकत उभी आहेत. एका इमारतीने दुसऱ्या अंगणातलं ऊन किती वाजता काढून घेतलं, याची नोंदही कुणीतरी ठेवायला हवी.

झाडाखाली चला. जुन्या बंगल्याच्या फाटकाशी आंबा किंवा कडुनिंब असतो, आणि दुपारी त्याच्याखाली रस्त्यावर उजेडाचे ठिपके पडलेले असतात. त्यांच्याकडे नीट बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, त्रिकोणी, चिरफाळलेल्या असतात, तरीही खाली पडलेले ठिपके गोल. असं का? कारण तो फटीचा आकार नव्हेच, तो सूर्याचा आकार आहे. प्रत्येक बारीक फट एक कॅमेरा असते आणि रस्त्यावर सूर्याची शेकडो चित्रं एकाच वेळी पडलेली असतात. फट पाच मीटर उंचीवर असेल आणि सूर्य डोक्यावर, तर ठिपका साधारण साडेचार सेंटीमीटरचा. या दोन आकड्यांचं गुणोत्तर एकास सुमारे एकशे सात, आणि सूर्याचा व्यास व त्याचं आपल्यापासूनचं अंतर यांचं गुणोत्तरही तेच. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे एवढं माहीत असलं, तर मोजपट्टीने ठिपका मोजून सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर असल्याचं फाटकाशी उभं राहून काढता येतं. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा पायाखालचा रस्ता ओलांडताना थांबावंसं वाटतं.

२१ जून २०२० च्या रविवारी सूर्यग्रहण होतं. भारतभर दिसलं, उत्तरेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात कंकणाकृती आणि जबलपुरात खंडग्रास. त्या दुपारी ज्यांनी मान वर करण्याऐवजी खाली घातली, त्यांना झाडांखालचे सगळे ठिपके चंद्रकोरी झालेले दिसले. हा फोटो घ्यायला सूर्याकडे बघावं लागत नाही, फिल्टर लागत नाही, डोळ्यांना काही धोका नाही.

पानांची फट जे करते तेच खोली करू शकते. दारं-खिडक्या गच्च बंद करा, काळ्या कागदाने फटी बुजवा आणि रस्त्याकडच्या बाजूला नाण्याहून लहान एक भोक ठेवा. पाच-दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा तरंगू लागतो. सायकलवाला छताला लटकून जातो, आभाळ जमिनीवर पसरतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा बघायला पर्यटक गर्दी करतात, तोच खेळ घरात रंगांसकट होतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या विद्वानाने बारीक छिद्रातून जाणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यानंतर आठशे वर्षं माणसाकडे चित्र पाडणारी खोली होती, पण पडलेलं चित्र धरून ठेवायची युक्ती नव्हती.

ती युक्ती साधली फ्रान्समधल्या निसेफोर नीएप्सला, १८२६-२७ च्या सुमाराला. कॅमेऱ्याने घेतलेलं आणि आज टिकून असलेलं जगातलं सगळ्यात जुनं छायाचित्र त्याचंच. त्यात राजा नाही, चर्च नाही, युद्ध नाही. त्याच्या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारी छपरं आहेत. डांबरासारखा एक पदार्थ लावलेला धातूचा पत्रा त्याने तासन् तास उन्हाला लावला. इतका वेळ, की सूर्य आभाळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळल्या. १८३५ साली इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदावर जे निगेटिव्ह घेतलं, तेही स्वतःच्या घराच्या खिडकीचं. या कलेने डोळे उघडले ते घरातच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे हा छंद लगेच आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्यात रमलेल्या भारतीयांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे मराठी वैद्य होते. रोगी बघायचे, ताम्रपट वाचायचे आणि वेळ काढून काचा रसायनात भिजवायच्या. त्या काळी काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात हे सगळं केवढ्या लगबगीने करावं लागत असेल! नंतरच्या पिढ्यांच्या हाती बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री आला, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. बारसं, मुंज, गणपती आणि भेडाघाटची सहल मिळून एक रोल संपायचा. नागपूरचं उच्च न्यायालय १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जबलपूरला आल्यावर त्याच्याबरोबर आलेल्या मराठी घरांच्या ट्रंकेत असे चौकोनी फोटो अजून सापडतील. ते काढून त्यांच्या मागे नावं आणि वर्षं लिहून ठेवावीत, तेही आजच. नावं सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आता घरात बघू. देवघरात उदबत्ती लावली आहे आणि खिडकीतून तिरपं ऊन येतंय. मागे काळोखं कपाट असू द्या. टोकापासून निघणारा धूर निळसर दिसतो. तोच धूर उजेडाच्या खिडकीसमोर धरून बघा, पिवळट-तपकिरी दिसेल. धुराचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश बाजूला उधळतात आणि उरलेला पिवळा-तांबूस आरपार जाऊ देतात. आभाळ निळं आणि मावळतं ऊन केशरी का, याचं उत्तर त्या एका काडीच्या दोन बाजूंना उभं आहे. दोन्ही बाजूंचा एकेक फोटो घेऊन शेजारी ठेवला की शाळेतल्या मुलालाही हे न सांगता कळतं.

मागच्या अंगणात अळू असेल तर पावसाळ्यात तुमचा महिना तिथेच जाईल. अळूच्या पानावरचा थेंब पाऱ्यासारखा चमकतो. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर टेकलेला असतो आणि त्याच्याखाली हवेचा पातळ थर अडकतो. प्रकाश पाण्यातून त्या हवेत जाऊ न शकता परत फिरतो, म्हणून थेंबाखाली आरसा असल्यासारखं दिसतं. फोन जवळ न्या, पडद्यावर दिसणाऱ्या थेंबावर बोट टेकवून फोकस धरा. थेंब स्वतःच भिंग असल्याने त्याच्यात मागची जास्वंद उलटी, इवलीशी आणि लख्ख दिसते.

राइट टाउनमध्येच अमृतलाल वेगड राहत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, जबलपूरला कला शिकवणारे, १९७७ पासून नर्मदेच्या काठाने टप्प्याटप्प्याने चाललेले. त्यांच्याकडे रेखाटनाची वही असे आणि घरी परतल्यावर कागदांचे कपटे जोडून ते नदीची चित्रं करत. त्यांची चित्रं बघितली की कळतं, घाटावर कपडे वाळवणारी बाई आणि डोक्यावर बोचकं घेतलेला वाटसरू हे नदीएवढेच बघण्याजोगे असतात. छायाचित्रकाराने इतर छायाचित्रकारांची चित्रं बघण्याआधी ही कोलाजं बघावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

गल्ली पुरती ओळखीची झाली की मग मात्र कोजागिरीला भेडाघाटला जावं. शहरापासून वीसेक किलोमीटर. पावसाळ्यात बंद असलेल्या नौका तोवर बहुतेकदा पंचवटी घाटावर पुन्हा सुरू झालेल्या असतात आणि संगमरवराच्या कड्यांमधली नर्मदा चांदण्यात रुपेरी दिसते. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या साधारण चार लाख पट कमी. म्हणजे जो फोटो भर उन्हात सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो, त्याला तशाच मापांवर चांदण्यात तासाहून जास्त लागेल. भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, आयएसओ शंभरावरून बत्तीसशेवर नेला, की तोच वेळ चारेक सेकंदांवर येतो. हलत्या नावेत चार सेकंदही फार झाले, म्हणून कड्यावर, कठड्याच्या आत, तिवईवर कॅमेरा ठेवावा. आणि मग पडद्यावर उमटतं ते बघून माणूस थक्क होतो: आभाळ निळं, झाडं हिरवी, दगडात पिवळे-गुलाबी पट्टे, आणि त्या निळ्या आभाळात तारे! चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच. रंग तिथे असतातच. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना ते ओळखता येत नाहीत एवढंच.

थंडीत जबलपूरचे मटार बाजारात ढिगांनी येतात, आणि त्यांच्यासाठी एक काम ठेवा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं एकेक चित्र टिपलं आणि ती सगळी चित्रं सलग फिरवून रोप डोळ्यांदेखत उगवताना दाखवलं. चित्रपटाला पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून केलेला हा प्रयोग होता. आज फोनमधल्या टाइमलॅप्सने तो कुणालाही करता येतो. कार्तिकाच्या सुमाराला कुंडीत दाणे लावा. रोप वीतभर झालं आणि टोकाला तणावे फुटले की फोन चार्जरला जोडून, हलणार नाही असा बसवा. एक पूर्ण दिवस पुरे, पण खोलीतला दिवा सारखाच ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. तणावा हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतो. डार्विनने दिवसचे दिवस बसून हे फिरणं नोंदलं होतं. काडी थोडी दूर, एका बाजूला रोवून ठेवा, म्हणजे तो फेरा घेत तिच्यापर्यंत कसा पोचतो आणि स्पर्श होताच किती चटकन वेढा घालतो, ते दिसेल.