गिअरबॉक्स उतरवण्याआधी!

ऑटोमॅटिक गाडीचं वय झालं, गिअर बदलताना ती झटके देऊ लागली, की लगेच ऐकायला मिळतं, ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ थांबा! दोष कित्येकदा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो आणि तो शोधायच्या युक्त्या भलत्याच गमतीच्या आहेत.

धूर इंजिनाचा, दुखणं दुसरीकडचं. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या अनेक अमेरिकन गाड्यांत गिअरबॉक्सला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची छोटी डबी असे. इंजिनावर किती ताण आहे, हे गिअरबॉक्सला कळवणं हे तिचं काम. तिच्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन नळीतून थेट गिअरबॉक्सचं ऑइल ओढू लागे! सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल सारखं कमी होतंय आणि जमिनीवर एक थेंबही नाही. जाणता मेकॅनिक नुसती ती नळी काढून बघे. आत लाल ऑइल दिसलं की चोर सापडला. डबी बदला, गाडी रस्त्यावर.

ऑइल लाल का? गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची, हे पटकन ओळखता यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. ते तपकिरी-काळं होऊन जळका वास मारत असेल, तर आतल्या क्लच प्लेट तापून जळताहेत. गुलाबी आणि दुधट दिसलं, तर गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय आणि पाण्याने प्लेटवरचं अस्तर सुटतं. डिपस्टिक बघायचीही रीत आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू हवं, होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र गरम करून लगेच बंद केलेलं. आणि हो, याच ऑइलमध्ये एके काळी स्पर्म व्हेलचं तेल असे! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना नवा पर्याय शोधावा लागला.

दुसऱ्याच गिअरचा हट्ट. १९८९ साली क्रायस्लरने ए-६०४ हा इलेक्ट्रॉनिक मेंदूचा गिअरबॉक्स आणला. काही बिघाड जाणवला की तो फक्त दुसऱ्या गिअरमध्ये चाले. मालकाला वाटे, संपलं सगळं! खरं तर गिअरबॉक्स स्वतःला वाचवत असे आणि कधी कधी कारण निघे एखादा साधा स्पीड सेन्सर. कंपनीच्या खास ऑइलऐवजी बाजारातलं डेक्सरॉन ओतलं, तरी तो थरथरू लागे. म्हणून जुन्या गाडीत ऑइल भरताना ‘कुठलंही चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पुस्तिकेत लिहिलेलंच भरा.

थरथरीवरून आठवली माझी सर्वांत आवडती चाचणी. एका वेगाने, साधारण ६०-७०वर गाडी चाललीय आणि रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरतेय. रस्ता मोकळा असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला अगदी हलका स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागताच बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला घट्ट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली, तर संशय तिथेच. खर्च शून्य!

गाडी टॉपचा गिअर घेतच नाही? आधी इंजिनाचा थर्मोस्टॅट तपासा. तो उघडा अडकला की इंजिन गरम होत नाही आणि थंड इंजिनाला बऱ्याच गाड्यांचा संगणक वरचा गिअर देत नाही. ‘डी’मध्ये टाकताच धाडकन आवाज? इंजिनाचं फाउंडेशन तुटलंय का बघा.

आपल्याकडे २०१४च्या सेलेरिओपासून फोफावलेल्या एएमटी गाड्यांना मात्र यातलं फारसं लागू नाही. तिथे क्लच नेहमीचाच, फक्त तो दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र.

एवढं करूनही गिअर बदलताना गाडी पुढे न जाता नुसती रेस वाढत असेल, तर खालचा ऑइल पॅन उघडायला सांगा. त्यातल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं अगदी स्वाभाविक, ती वर्षानुवर्षांची झीज. पण चमकणारे धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचा काळा चुरा साचलेला दिसला, तर आता खरंच गिअरबॉक्स उतरवा.