घराचा केसपेपर

प्रॅक्टिसच्या सदतीस वर्षांत जुने कागद पाहिल्यावाचून मी कोणाही रुग्णाला औषध लिहून दिले नाही. ज्या घरात ही सर्व वर्षे राहिले, त्या घराचे कागद मात्र यजमानांच्या निधनानंतर प्रथमच उघडून पाहिले. कपाटातील पिशवीत हाउसिंग बोर्डाचे वाटपपत्र, हप्त्यांच्या पावत्या, १९८७ सालचा स्टँपपेपरवरील करार आणि एक मुखत्यारपत्र निघाले. खरेदीखत नव्हते.

कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत त्या काळी अशी घरे पुष्कळ होती. मूळ वाटपदार हप्ते फेडीत असे. हप्ते पूर्ण होईपर्यंत बोर्डाचे खरेदीखत त्याच्या हाती येत नसे. मध्येच पैशाची निकड पडली की तो करार आणि मुखत्यारपत्र करून घराचा ताबा दुसऱ्याला देई. आम्ही ते ‘दुसरे’ होतो. रक्कम चुकती केली, उरलेले हप्ते भरले, घरपट्टी भरली, खाली दवाखाना थाटला. घर आपलेच, याविषयी मनात कधी शंका आली नाही.

शंका आली ती बँकेच्या वकिलाला. मुलाकडे पुण्यास जाण्याचे ठरविल्यावर माझ्याच हाताखाली शिकलेल्या एका तरुण डॉक्टर दांपत्याला घर द्यावे आणि दवाखाना चालू राहावा, अशी माझी इच्छा होती. वकिलांनी ‘लिंक डॉक्युमेंट’ मागितले आणि ते नाही म्हटल्यावर एका ओळीत अभिप्राय दिला : विक्रेत्याची मालकी सिद्ध होत नाही.

पुढचे सहा महिने दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात गेले. तेथे जे शिकले, ते आपल्या समाजातील अनेकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की निबंधक कार्यालय मालकी नोंदवीत नाही. ते दस्त नोंदविते. १९०८ च्या नोंदणी कायद्याची ही मूळ बैठक आहे, आणि २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा स्पष्ट केली : विकणाऱ्याकडे हक्क आहे की नाही हे तपासणे निबंधकाचे काम नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या प्रयत्नाने १८५८ साली मालकीच नोंदविण्याची पद्धत सुरू झाली; तेथे सरकारी नोंद हाच हक्काचा पुरावा मानतात. अमेरिकेत काउंटीचे कार्यालय आपल्यासारखेच केवळ दस्त सांभाळते. म्हणून तेथे मालकीहक्काचा विमा विकला जातो आणि तशी पहिली कंपनी १८७६ साली फिलाडेल्फियात निघाली. आपल्याकडे विमा जवळजवळ नाहीच. शोध हाच आपला विमा.

शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीस सादर करावा लागतो. त्यापुढील चार महिने दंडासह सवलत आहे. कार्यालयात दस्तांची जी पुस्तके असतात, त्यांपैकी स्थावराचे व्यवहार पहिल्या पुस्तकात, मृत्युपत्रे तिसऱ्यात. पहिले पुस्तक व त्याची सूची फी भरून कोणीही पाहू शकतो. तिसरे तसे खुले नाही, हे मला योग्यच वाटते.

या सूचीवरून जे बोजा-प्रमाणपत्र मिळते त्याला येथे सर्वजण ‘ईसी’ म्हणतात. अविभाजित आंध्र प्रदेशात १९९८ पासून ‘कार्ड’ प्रकल्पाने ही कामे संगणकावर आली. आज तेलंगणाच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर १९८३ पासूनचे व्यवहार घरबसल्या पाहता येतात. त्याआधीचा शोध कार्यालयातील पुस्तकांतच घ्यावा लागतो. शेतजमिनीचा मार्ग वेगळा : त्यासाठी २०२० साली ‘धरणी’ आली आणि २०२५ पासून तिच्या जागी ‘भू भारती’.

आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात, म्हणून थोडे विषयांतर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ते जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १९५४-५५ ची खासरा पाहणी नांदेडच्या शेताला जशी आधारभूत, तशीच येथील शेताला. निजामकाळचे दस्त उर्दूत आणि फसली सनात असतात. त्यात ५९० मिळविले की साधारण इसवी सन येतो. मराठीत आपण ‘चतुःसीमा’ म्हणतो, उर्दूत ‘हुदूद-ए-अर्बा’, तेलुगूत ‘हद्दुलु’. दस्तात त्या चार ओळी मी सर्वांत आधी वाचू लागले, कारण घरक्रमांक बदलतात, शेजारचा रस्ता सहसा बदलत नाही.

क्रमांकांनी मला खरोखर छळले. आमचे घर एका क्रमांकाने वाटले गेले, नगरपालिकेने दुसरा दिला, २००७ साली कुकटपल्ली महानगरपालिकेत आल्यावर निराळी नोंद झाली. २०१६ साली जिल्हाही रंगारेड्डीचा मेडचल-मल्काजगिरी झाला. पहिल्या शोधात घरक्रमांक घातला, तर उत्तर आले : कोणताही व्यवहार नाही. मी निर्धास्त झाले. अनुभवी दस्तलेखक हसले. ‘अम्मा, निरंक ईसी म्हणजे घर निर्दोष असे नव्हे, तुम्ही चुकीच्या खिडकीत डोकावलात असेही असेल.’ रिपोर्ट नॉर्मल आला, पण नमुनाच दुसऱ्याचा होता, असा हा प्रकार! मग भूखंडाचा क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि वाटपदाराचे नाव अशा तिन्ही वाटांनी शोध घेतला. नावाचीही गंमत असते. तेलुगू आडनाव आधी येते, तेही बहुधा एका आद्याक्षरात; आपले शेवटी. दोन्ही क्रमांनी, दोन-तीन स्पेलिंगांनी पाहावे.

अखेर एक ओळ सापडली. १९९४ साली बोर्डाने मूळ वाटपदाराच्या नावे खरेदीखत करून दिले होते. त्यानंतर काही नाही. सरकारदफ्तरी आम्ही त्या घरात कधी राहिलोच नव्हतो.

कायद्याची बाजू मी तीन वकिलांना विचारली. मुखत्यारपत्र सामान्यतः देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि वाटपदार २००९ साली वारले होते. करार व मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. कराराच्या पूर्ततेसाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावायचा असतो. ती मुदत यजमानांच्या हयातीतच उलटली होती. करार २००१ च्या दुरुस्तीपूर्वीचा, म्हणून ताब्याला संरक्षण होते. ढाल होती, मालकी नव्हती. थोडक्यात, सर्व काही वाटपदारांच्या वारसांच्या इच्छेवर अवलंबून होते, आणि घराची किंमत १९८७ च्या कितीतरी पट झाली होती.

येथे हेही सांगितले पाहिजे की ईसीत केवळ नोंदलेले दस्त दिसतात. तोंडी वाटणी, नोंदणी न केलेले मृत्युपत्र, न्यायालयातील दावा, वारसाहक्क यांपैकी काही त्यात दिसेलच असे नाही. मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेली जुनी कर्जेही पुष्कळदा दिसत नाहीत. २०११ पासून ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही झाल्यावर तेथे वेगळे पाहता येते. सरकारी वा अन्य निषिद्ध जमिनींची यादी कलम २२-अ खाली असते. तीही पाहून घ्यावी. आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

वाटपदारांचे कुटुंब विजयवाड्याला गेले होते. जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता मिळविला. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस; हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांचा समान हिस्सा, म्हणून चौघांच्याही सह्या हव्यात. मुलगी अमेरिकेत. तिचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे लागले आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागले. परदेशी मुले असलेल्या वाचकांनी ही मुदत टिपून ठेवावी. तहसीलदारांकडील कुटुंब-सदस्य प्रमाणपत्र वारसांनीच मिळविले. मुद्रांक, हस्तांतरण आणि नोंदणी मिळून २०२१ च्या जुलैपासून येथे साडेसात टक्के लागतात, तेही आजच्या सरकारी मूल्यावर. पूर्वी जे वाचविले असे वाटले होते, ते व्याजासह गेले.

पहिल्या फोनवर थोरल्या मुलाने दोन दिवस मागितले. त्या दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. ‘मा नान्न माट इच्चारु,’ ते म्हणाले. आमच्या वडिलांनी शब्द दिला आहे. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. मी प्रवासखर्च देऊ केला तर रेल्वेचे भाडे तेवढे घेतले.

ठरलेल्या दिवशी सर्वजण कार्यालयात आले. छायाचित्रे निघाली, बोटांचे ठसे उमटले. वयोवृद्ध आईंचा अंगठा यंत्राला उमजेना. मी त्यांचा हात कोमट पाण्याने पुसून दिला आणि तिसऱ्या खेपेस तो उमटला. त्यांनी मला विचारले, अंगणात आम्ही लावलेला कडुनिंब आहे का? आहे, म्हटले. परतताना त्या घरी आल्या, झाडाखाली बसल्या, चहा घेतला.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा ईसी काढली. आता तीत दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत दस्त करून देणारे म्हणून ते चौघे, आणि घेणारे म्हणून मी व माझी दोन मुले. ती प्रत त्याच संध्याकाळी बँकेच्या वकिलांकडे पाठवून दिली.