स्वस्त गॅस महाग पडला : एलपीजीवरची जुनी गाडी पुन्हा पेट्रोलवर आणताना



डिलिव्हरीच्या गाडीवरच्या व्हिडिओत आमच्या ओम्नीचा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला. आकडे फार पटापट गेले. म्हणून इथे हिशोबासकट लिहून देते. जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणाऱ्यांनी हे सौद्याआधी वाचावं.

आमचं सांगलीत पॅकेजिंगचं दुकान. मिठाईचे बॉक्स, द्रोण, पत्रावळ्या, पार्सलचे डबे. माल पोचवायला एक जुनी, कार्बोरेटरची ओम्नी घेतली. आधीच्या मालकाने तिला एलपीजी किट बसवलं होतं. "गॅसवर चालते, खर्चच नाही," हे ऐकून मी तिथेच पैसे मोजले.

पुढे जवळचा एलपीजी पंप बंद झाला. दुसरा 13 किलोमीटरवर. आम्ही तिकडे जाऊन गॅस भरू लागलो. हिशोब मात्र कुणीच केला नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी एका मिठाईवाल्याचे 1,200 बॉक्स घेऊन गाडी निघाली आणि वाटेत गॅस संपला. ड्रायव्हरने बटण पेट्रोलवर टाकलं. गाडी दोनशे मीटर आचके देत गेली आणि बंद पडली. टेम्पो मिळून माल पोचेपर्यंत तीन तास गेले. तोवर मिठाईवाल्याने दुसऱ्या दुकानातून बॉक्स उचलले होते. त्याची निम्मी ऑर्डर आजही त्या दुसऱ्या दुकानाकडे जाते.

आधी हिशोब

त्या रात्री मी वही घेऊन बसले. हे आकडे आमचे, गोल केलेले. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

- एलपीजी : 60 रुपये लिटर, ॲव्हरेज 11. म्हणजे किलोमीटरला 5.45 रुपये.
- पेट्रोल : 105 रुपये लिटर, ॲव्हरेज 14. म्हणजे किलोमीटरला 7.50 रुपये.
- आमची धाव : रोज 40 किलोमीटर, 26 दिवस. महिन्याला 1,040 किलोमीटर.

गॅसवरची बचत झाली 2,132 रुपये. आपण इथेच थांबतो आणि खूश होतो. आता पुढचं बघा.

गॅस भरायला महिन्यात 9 फेऱ्या, जाऊन-येऊन 26 किलोमीटर. म्हणजे 234 किलोमीटर नुसते गॅस आणायला. त्याचे 1,275 रुपये. रांग धरून एका फेरीला सव्वा तास, म्हणजे महिन्याला सव्वाअकरा तास. ड्रायव्हरचा पगार तासाला 75 धरला तर 844 रुपये. एकूण 2,119.

खरी बचत किती? 13 रुपये. महिन्याला! आणि त्या सव्वाअकरा तासांत न झालेल्या डिलिव्हऱ्या यात धरलेल्याच नाहीत.

नुसतं बटण दाबून भागत नाही

गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या मामांकडे नेली. मला वाटलं, किट काढलं की झालं. मामांनी कार्बोरेटर उघडून दाखवला. आत पिवळट चिकट थर. "बघा ताई, पेट्रोलचा पार डिंक झालाय. चार वर्षं कुणी पेट्रोलवर चालवलीच नाही. अशी गाडी बटण दाबून पेट्रोलवर येत नसती."

कामं अशी निघाली :

1. टाकी. जुनं पेट्रोल काढून टाकी उतरवून धुतली. तळाला गंज होता. तो तसाच राहिला असता तर नवा कार्बोरेटर बसवूनही आठवड्यात चोंदला असता.
2. पंप, नळ्या, फिल्टर. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या घेताना इथेनॉलला चालणाऱ्याच मागून घ्या.
3. कार्बोरेटर. जेट साफ केले, फ्लोट आणि सगळे रबरी भाग बदलले.
4. मिक्सर. गॅससाठी हवेच्या वाटेत बसवलेला हा तुकडा पेट्रोलवर चालताना हवा अडवतो. तो काढला आणि व्हॅक्यूमची भोकं नीट बंद केली. एक जरी उघडं राहिलं तरी गाडी मिस मारते.
5. गरम पाण्याच्या नळ्या. गॅसच्या रिड्यूसरला इंजिनचं गरम पाणी जातं. तो काढल्यावर त्या नळ्या परत जोडून कूलंटमधली हवा काढावी लागते. हे राहिलं तर इंजिन तापतं.
6. टायमिंग आणि प्लग. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून त्यावर टायमिंग पुढे घेतलेलं असतं. ते मागे आणलं नाही तर भरलेली गाडी चढावर खडखड आवाज करते. प्लगची गॅपही परत लावली.

खर्च : टाकी 1,200, पंप-नळ्या-फिल्टर 1,600, कार्बोरेटर 1,800, प्लग आणि ट्यूनिंग 900, किट काढायची मजुरी 1,000. एकूण 6,500 रुपये आणि गाडी तीन दिवस उभी. त्या तीन दिवसांचं टेम्पोभाडं वेगळं. म्हणून हे काम सीझनमध्ये काढू नका.

गॅसशी खेळ नको

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गॅरेजच्या खड्ड्यात साचतो. टाकी रिकामी करण्यासाठी मामांनी गाडी उघड्यावर गॅसवर चालवून संपवली. तरीही आत थोडा गॅस राहतोच. त्यामुळे टाकी काढायचं काम किटच्या माहीतगार फिटरनेच केलं. आपण घरी पाना घेऊन बसायचं नाही.

आणि एक. पंप बंद झाल्यावर एकाने सल्ला दिला होता, "घरच्या सिलिंडरमधून भरून देतो, निम्म्यात पडेल." घरगुती गॅस गाडीत भरणं बेकायदा आहे. एका ठिणगीत गाडी, माल आणि ड्रायव्हर, तिन्ही जाऊ शकतात. आपल्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन काय सांगणार?

कागद

किट गाडीतच ठेवून पेट्रोलवर चालवलीत तर आरसीवरचं "पेट्रोल/एलपीजी" तसंच राहतं. किट काढून टाकलं की तो गाडीतला बदल झाला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये हे येतं. काम काढण्याआधीच आरटीओत विचारा, आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवून आरसी दुरुस्त करून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. किटचा प्रीमियम उगाच भरू नका.

गाडी घेतानाही हेच बघा. किट आहे, पण आरसीवर आणि विम्यावर नोंद नाही, अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अपघात झाला तर क्लेमच्या वेळी कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

सगळ्यांनी पेट्रोलवर यावं का?

अजिबात नाही. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल आणि धाव जास्त असेल, तर गॅस परवडतो. आमचा पंप दुकानाजवळ होता तोवर 2,100 च्या आसपास खरंच वाचत होते. परिस्थिती बदलली आणि मी जुनाच हिशोब धरून बसले, ही माझी चूक. गॅसवरच राहणार असाल तर रोज थोडा वेळ गाडी पेट्रोलवर चालवा. टाकीत ताजं पेट्रोल ठेवा. तेवढं केलं असतं तर माझे 1,200 बॉक्स वेळेत पोचले असते.

6,500 घालून माझा इंधनखर्च कमी झाला नाही, हेही स्पष्ट सांगते. मला सव्वाअकरा तास परत मिळाले. त्यात ड्रायव्हर आता मिरजेची एक जादा फेरी करतो. तिथे तीन नवी गिऱ्हाइकं लागली आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ : गाडीत एक वही ठेवा. सात दिवस प्रत्येक फेरीचे किलोमीटर, इंधन आणि लागलेला वेळ लिहा. इंधन भरायला केलेली फेरी लाल पेनाने लिहा. रविवारी लाल ओळींची बेरीज करा, आणि मगच ठरवा तुमची गाडी स्वस्तात चालते की नाही.