घराजवळचं रान (भाग ६) : त्याच झाडाकडे पुन्हा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की ताडोबाच्या फाटकांवर पहाटेच जिप्सींची रांग लागते. हातभर लांबीच्या लेन्स, खाकी टोप्या, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला विचारला जाणारा एकच प्रश्न : ‘दिसला का?’ या दृश्याशेजारी सोसायटीच्या आवारातल्या जांभळावर मोबाइल रोखून उभा असलेला माणूस ठेवला तर तो जरा केविलवाणाच वाटतो. घराजवळचं निसर्गनिरीक्षण म्हणजे जंगल परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, फार तर जंगलात जाण्याआधीचा सराव, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. आज मला नेमकी उलट बाजू मांडायची आहे. निसर्गाबद्दलचे काही प्रश्न जंगलात चार दिवस राहून सुटतच नाहीत. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच ते सुटतात, आणि अशी जागा बहुतेकांना घरापासून पायी जाण्याच्या अंतरावरच मिळते. गंमत म्हणजे वाघालाही हाच न्याय लागू आहे. वाघांची गणना जिप्सीतून काढलेल्या फोटोंवर होत नाही, ती खोडाला बांधून ठेवलेल्या कॅमेरा ट्रॅपवर होते. हा कॅमेरा कुठेही हिंडत नाही. वाटेवर बसून राहतो, समोरून जे जाईल ते तारीख-वेळेसकट टिपतो, आणि त्या ढिगातून अंगावरच्या पट्ट्यांच्या ठेवणीवरून एकेक वाघ वेगळा काढता येतो.

आपल्या मातीतलं याचं सर्वांत नामी उदाहरण अलिबागजवळच्या किहीमचं आहे. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेल्यावर सालिम अली १९३०मध्ये किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरण म्हणजे काही दुर्मीळ पक्षी नव्हे. तिची लोंबती घरटी कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. तरीही ती वसाहत रोजच्या रोज पाहिल्यावर जो उलगडा झाला तो नवा होता. घरटं विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो. मग माद्या येतात, घरटं आतून-बाहेरून तपासतात, आणि एखादीला पसंत पडलं तरच नर पुढची नळी विणून ते पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गडी शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे निरीक्षण १९३१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. यात भारी दुर्बीण किंवा लांबचा प्रवास असं काहीच निर्णायक नव्हतं. वसाहतीतलं कोणतं घरटं काल कुठवर आलं होतं हे आज सांगता येणं निर्णायक होतं. आठवड्याच्या सहलीत तीच वसाहत पाहणाऱ्याला काही घरटी अर्धी आणि काही पुरी दिसली असती, आणि अर्धी घरटी सोडून दिलेली आहेत असं त्याने खुशाल लिहून टाकलं असतं.

दुसरं उदाहरण परदेशातलं, पण ते टाळून चालणार नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घरामागच्या साध्या उपनगरी बागेची १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंद ठेवली. राखीव जंगल नाही, डोंगर नाही. भाजीचे वाफे, हिरवळ आणि फुलझाडं. तिथे त्यांना एकूण २,६७३ प्रजाती सापडल्या, त्यांतले बहुसंख्य कीटक. आकडा मोठा आहेच, पण माझ्या मते त्याहून मोलाची आहे ती सलगता. कोणतं फुलपाखरू कोणत्या दशकात विरळ झालं हे सांगायला त्या बागेचा मागचा हिशेब हाताशी होता. आपल्या शहरांत ‘पूर्वी इथे खूप फुलपाखरं असायची’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, पण पूर्वी म्हणजे कधी, आणि खूप म्हणजे किती, हे विचारलं की सगळे गप्प होतात.

आता पहिला आक्षेप. दारातले जीव तर सगळे ओळखीचे, अभ्यासून झालेले. त्यांच्यात नवं काय सापडणार? याचं उत्तर कढीपत्त्याच्या कुंडीत आहे. कढीपत्ता, लिंबू ही झाडं कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या अळीचं खाद्य. कोवळ्या पानावर फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्यासारखं गोल अंडं सुटं घातलेलं असतं. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते : काळपट तपकिरी, मध्ये पांढरा डाग. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पण खरा खेळ पुढे आहे. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ असलेला. माद्या मात्र तीन तऱ्हांच्या. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. या दोन्ही ‘रोझ’च्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, तिची विषारी द्रव्यं अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीच्या अंगात विष नाही. तिने फक्त सोंग घेतलंय. आणि हे सोंग ओळखण्याची खूण सोपी आहे : खऱ्या रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनच्या मादीचं काळं. पंखांचा सुंदर फोटो काढून अंग अंधारात ठेवलं तर तो फोटो ओळखीच्या कामाचा नाही. अंग दिसणारा ओबडधोबड फोटो कामाचा.

एकाच जातीच्या मादीला ही तीन रूपं कशी मिळतात, हे कोडं जुनं होतं. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की हे सगळं ‘डबलसेक्स’ या एका जनुकाशी बांधलेलं आहे. कीटकांत नर-मादीचा फरक घडवणारंच हे जनुक. त्याच्याच वेगवेगळ्या आवृत्त्यांवर मादीचं रूप ठरतं. जगातल्या आघाडीच्या विज्ञान-नियतकालिकात जागा मिळवणारं फुलपाखरू आपल्या फोडणीच्या झाडावर वाढत असतं. जनुकाचं काम प्रयोगशाळेत झालं, हे खरं. पण सोंग फळाला येतं की नाही हे आजूबाजूला खरी रोझ किती उडतात यावरही अवलंबून असतं. तुमच्या गावात कोणत्या रूपाच्या माद्या जास्त, पावसाळ्यानंतर ते प्रमाण बदलतं का, हे गावोगावच्या तारीखवार नोंदींवाचून कळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येणार नाही. हौशी लोकांच्या नोंदी जिथे माणसं तिथेच साचतात. रविवारी जास्त, सोमवारी कमी. शहराजवळ ढीग, मराठवाड्याच्या माळावर तुरळक. शिवाय माणूस फोटो काढतो तो वेगळं काही दिसलं म्हणून. कावळ्याचा कोण काढतो? नुसत्या फोटोंच्या ढिगावरून कावळे कमी झाले की वाढले हे सांगायला गेलं तर फसगत ठरलेली. यावर तोडगा फोटोत नाही, सोबतच्या टिपणात आहे. ‘ई-बर्ड’ या नोंदींच्या मंचावर पक्षीनिरीक्षक किती वेळ पाहिलं ते लिहितात, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत घातले आहेत का, या प्रश्नाचं उत्तर देतात. ‘सगळे’ असं उत्तर असलं की त्या यादीत जे नाही तीही नोंद होते. चिमणी दिसली नाही, हे तेव्हाच पुराव्यानिशी म्हणता येतं.

चिमणीचंच घ्या. चिमण्या देशातून नाहीशा होत आहेत, मोबाइलच्या टॉवरमुळे होत आहेत, हे इतकं ऐकलंय की तो पुरावाच वाटू लागला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात सुमारे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. त्यातून निघालेलं चित्र वेगळं होतं : देशभराचा विचार करता चिमणी त्याआधीच्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर होती, घट होती ती मुंबईसारख्या महानगरांत. टॉवरच्या लहरींकडे बोट दाखवणारा ठोस पुरावा अहवालकर्त्यांना मिळाला नाही. पिलांना भरवायला लागणारे किडे आणि घरट्याच्या जागा कमी होणं ही कारणं अधिक संभवनीय दिसली. हे चित्र उभं राहिलं ते कचेरीत जाण्याआधी पंधरा मिनिटं गच्चीत उभं राहून चिमणी-साळुंकी-कावळा लिहिणाऱ्या मंडळींमुळे. फक्त दुर्मीळ पक्ष्यांमागे धावणाऱ्यांच्या नोंदींवर हे झालं नसतं.

तिसरी हरकत तज्ज्ञांची असते : फोटोवरून ओळख पटत नाही. कित्येक कीटक-कोळ्यांच्या बाबतीत हे खरंच आहे. ओवेनबाईंची यादीही निव्वळ पाहून झालेली नव्हती. त्यांनी कीटक सापळ्यात धरले आणि ते तज्ज्ञांकडून ओळखून घेतले. २०२१मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जाहीर झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिला ‘इशियस तुकारामी’ हे नाव मिळालं. ती जात नवी ठरवायला नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अवयवांची तुलना करावी लागते. मोबाइलचा फोटो तिथे पुरत नाही. मग फोटोचं काम काय? कुठे शोधायचं ते सांगणं. महानगराच्या कुशीतल्या झुडपांवर आजवर नाव नसलेला प्राणी राहू शकतो, हे ठाण्याने दाखवलंय. तिथे रोज बघणारे डोळे नसतील तर तज्ज्ञ कुठल्या झुडपाशी थांबणार?

म्हणून फोटो काढताना शोभेपेक्षा ओळखीचा विचार आधी करावा. वरून एक, बाजूने एक, जमलं तर खालून एक. कीटक ज्या झाडावर आहे त्याच्या पानाचा वेगळा फोटो, कारण अर्धी ओळख खाद्यझाडावरून पटते. मोबाइलला लावायची चिमट्याची मॅक्रो लेन्स पुरते. आणि मूळ फोटो जपून ठेवावा : व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतोच, शिवाय त्यात दडलेली तारीख आणि ठिकाणही वाटेत गळून पडतं. ग्रुपवर वाहवा मिळते, नोंद मात्र मेलेली असते.

कुणी म्हणेल, हे सगळं लिहून तुम्ही जंगल गेलं तरी चालेल असं सुचवताय. गच्चीतल्या कुंड्या आहेत ना! मुळीच नाही. महाधनेशाला ढोली असलेली जुनी झाडं लागतात, ती कुठल्याही सोसायटीत उगवणार नाहीत. शहरात टिकतात ते बहुतेक पडेल ते खाणारे, मिळेल तिथे राहणारे जीव, आणि त्यांच्या गर्दीला समृद्धी समजणं चूकच. दारातली नोंद जंगलाची जागा घेत नाही. शेजारची टेकडी किंवा ओढा बुजवायचा प्रस्ताव येतो तेव्हा तिथे काय होतं हे दाखवायला मात्र तीच कामी येते.

जवळ असण्याचा एक तोटा मात्र खरा आहे : त्रास देणंही सोपं होतं. खिडकीतल्या घरट्यात अंडी-पिल्लं असताना फोटोसाठी रोज फांदी बाजूला सारली तर आडोसा जातो, आणि आपल्या मागावर असलेल्या कावळ्याला पत्ता मिळतो. त्या काळात फोटो काढूच नये. ‘आय-नॅचरलिस्ट’सारख्या मंचावर संकटग्रस्त प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, पण गव्हाणी घुबड संकटग्रस्तांच्या यादीत नाही. दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यापायी घुबडांची चोरटी शिकार होते, तेव्हा इमारतीच्या सज्जातल्या घुबडाची नोंद करताना ठिकाण झाकण्याचा पर्याय आठवणीने आपणच निवडायला हवा. पुढच्या आठवड्यात जिन्यातल्या दिव्यावर येणाऱ्या पतंगांकडे वळू. पहिल्या पावसानंतर त्यांची भाऊगर्दी सुरू होते, तेव्हा पांढरी चादर आणि बॅटरी काढून ठेवा.